झाड पडला की झाड पडले? क्रियापद जुळत नाही तेव्हा चूक कुठे शोधावी

रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांतील शाळांमध्ये मराठीचे निबंध तपासताना काही चुका वर्षानुवर्षे त्याच जागी सापडतात. 'वादळात झाड पडला', 'आईने मुलीला दुकानात पाठवली', 'सगळी मुले मैदानात जमले', 'तू डबा खाल्ला का', 'बाबांनी नवी गाडी आणलीन'. शिक्षक शब्दाखाली लाल रेघ ओढतात, मूल दुरुस्ती पाच वेळा लिहून दाखवते आणि पुढच्या निबंधात झाड पुन्हा 'पडला'च असते. याचे कारण मुलाचे दुर्लक्ष हे बहुतेक वेळा नसते. वरच्या पाच वाक्यांत पाच निरनिराळे दोष आहेत, पण समासात त्या सर्वांसमोर 'क्रियापद चुकले' एवढाच शेरा पडतो. कारण वेगळे असताना उपाय एकच केला, तर चूक परत येणारच.

पहिली अडचण आपण शिकवतो त्या सूत्रातच आहे. 'क्रियापद कर्त्याप्रमाणे बदलते' हे वाक्य प्राथमिक शाळेत पाठ होते आणि 'मुलगा आंबा खातो, मुलगी आंबा खाते' या उदाहरणांवर ते खरेही ठरते. मात्र भूतकाळात शिरताच ते अनेकदा निकामी होते. 'मुलाने कैरी खाल्ली' या वाक्यात खाणारा मुलगा आहे, पण 'खाल्ली' हे रूप कैरीचे आहे. मुलाच्या जागी मुलीला, आजोबांना किंवा साऱ्या गावाला आणून बसवले तरी 'खाल्ली' हलत नाही. कैरीच्या जागी फणस आणला की लगेच 'खाल्ला' होते. पाठ केलेले सूत्र आणि रोज कानावर पडणारी भाषा यांचा मेळ बसेनासा झाला, की मूल सूत्रही सोडते आणि कानही सोडते, आणि मग अंदाजाने लिहू लागते.

आधी प्रत्यय नसलेले नाम शोधावे

माझ्या मते सूत्र असे सांगावे: ज्या नामाला विभक्तीचा प्रत्यय लागलेला नाही, त्या नामाशी क्रियापद जुळते. कर्ता आणि कर्म दोन्ही मोकळे असतील, तर मान कर्त्याचा: 'तांडेल जाळे टाकतो' (तांडेल म्हणजे होडीवरचा प्रमुख), 'बायका जाळे विणतात'. कर्त्याला 'ने' किंवा 'नी' लागला आणि कर्म मोकळे राहिले, तर क्रियापद कर्माकडे जाते: 'तांडेलाने जाळे टाकले', 'तांडेलाने होडी लोटली', 'तांडेलाने नांगर उचलला'. दोन्हींना प्रत्यय लागले, किंवा कर्त्याला प्रत्यय लागला आणि कर्मच नसले, तर क्रियापदाला जुळायला कोणीच उरत नाही आणि ते नपुंसकलिंगी एकवचनात स्थिर होते: 'तांडेलाने खलाशांना बोलावले', 'तांडेलाने बायकोला बोलावले', 'मुलांनी आता झोपावे'. यांनाच अनुक्रमे कर्तरी, कर्मणी आणि भावे प्रयोग म्हणतात. नावे नंतर शिकवली तरी चालते. प्रयोगांची व्याख्या कशी करावी यावर मराठी वैयाकरणांनी फार बारकाईने विचार केलेला आहे. दादोबा पांडुरंगांचे व्याकरण १८३६ साली आले, तर मालगुंडचे कवी केशवसुत यांचे बंधू मोरो केशव दामले यांचा मोठा ग्रंथ १९११ साली प्रसिद्ध झाला. पण वाक्य दुरुस्त करण्यासाठी आठवीच्या मुलाला त्या चर्चेत शिरण्याची आवश्यकता नाही. त्याने नामाच्या शेवटाकडे पाहिले तरी पुरते.

या सूत्राचा आणखी एक फायदा असा, की 'मला आंबे आवडतात', 'आजीला जुन्या गोष्टी आठवतात', 'बाबांना ताप आला', 'मला थंडी वाजते' ही वाक्येही त्याच्याच आधाराने सुटतात. 'मला'मध्ये प्रत्यय आहे आणि 'आंबे' मोकळे आहेत, म्हणून 'आवडतात'. 'हवा' या शब्दाचेही तसेच: मला चहा हवा, भाकरी हवी, पाणी हवे, आणि अनेकवचनात आंबे हवेत, पेट्या हव्यात, केळी हवीत.

भूतकाळात असे का घडते हे वरच्या वर्गातील मुलांना जरूर सांगावे, कारण कारण कळले की नियम लक्षात राहतो. 'खाल्ला', 'टाकले', 'उचलली' ही रूपे मुळात संस्कृतातील कर्मणि भूतकाळवाचक धातुसाधितांतून आलेली आहेत. संस्कृतात 'रामेण फलं खादितम्' असे म्हणताना 'खादितम्' हे फळाचे विशेषण असते आणि त्याचे लिंग फळाचे असते. मराठीत आजही 'मुलाने काढलेली कैरी' असे आपण सहज म्हणतो आणि तिथे कोणाचीही चूक होत नाही. म्हणून शंका आली की वाक्य 'लेला, लेली, लेले' लावून फिरवून पाहावे: 'काढलेली कैरी' म्हणून 'कैरी काढली', 'विणलेले जाळे' म्हणून 'जाळे विणले'.

एक वाक्य, दोन चुका

सहलीवरच्या निबंधांत पुढील प्रकारचे वाक्य हमखास आढळते: 'आम्ही किनाऱ्यावर पोहोचलो तेव्हा रापणीत सापडलेली मासळी रापणकरांनी टोपल्यांत भरले आणि बायकांना बाजारात पाठवल्या.' रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचे मोठे जाळे आणि रापणकर म्हणजे ते ओढणारे. निरीक्षण उत्तम आहे, वाक्याचा ओघही चांगला आहे, पण क्रियापदे दोन ठिकाणी घसरली आहेत आणि दोन्ही वेळा कारण निराळे आहे.

पहिल्या भागात 'रापणकरांनी'ला 'नी' आहे, 'टोपल्यांत'ला 'त' आहे, 'रापणीत'लाही 'त' आहे. मोकळे नाम एकच उरते, ते म्हणजे 'मासळी'. म्हणून 'भरली'. लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर ढीगभर मासे होते आणि त्या ढिगामुळे 'भरले' झाले. मासे म्हटले असते तर 'भरले' अगदी बरोबर ठरले असते. अर्थ अनेकांचा असला तरी शब्द एकवचनी स्त्रीलिंगी आहे, आणि क्रियापद शब्दाकडे पाहते. 'बगळ्यांचा थवा उडाला', 'रत्नागिरी जिल्ह्याचे विभाजन होऊन १ मे १९८१ रोजी सिंधुदुर्ग जिल्हा अस्तित्वात आला' या वाक्यांतही मधली नामे वाट अडवून बसतात, पण क्रियापद थव्याशी आणि जिल्ह्याशीच जुळते. वाक्य लांबले की मधले सगळे झाकून केवळ मोकळे नाम आणि क्रियापद शेजारी ठेवून वाचावे: 'मासळी भरले' हे कानाला लगेच खटकते.

दुसऱ्या भागात 'बायकांना' असा शब्द आहे. 'ना' लागल्यामुळे बायका मोकळ्या राहिलेल्या नाहीत, 'रापणकरांनी' तर आधीच बांधलेले आहे, म्हणून 'पाठवले'. 'आईने मुलीला दुकानात पाठवली' ही चूकही याच जातीची आहे. इथे मुलाला लिंग कळत नाही असे मुळीच नाही. उलट मुलगी स्त्रीलिंगी आहे हे त्याला फार नीट कळते आणि म्हणूनच ते क्रियापद तिच्याशी जुळवते. त्याला फक्त एवढे दाखवायचे, की 'ला' किंवा 'ना' दिसला की ती वाट बंद होते. वाऱ्याने फांदी वाकवली, पण वाऱ्याने फांदीला वाकवले. पोलिसांनी चोर पकडले, आणि पोलिसांनी चोरांना पकडले. इथे दोन्ही रूपे सारखी दिसतात म्हणून हे उदाहरण शिकवण्यासाठी वापरू नये.

घरच्या बोलीतले 'झाड पडला'

आता कोकणातील सर्वांत चिवट चुकीकडे येऊ. कुडाळ, मालवण, वेंगुर्ले, सावंतवाडी, कणकवली या पट्ट्यातील मूल 'झाड पडला', 'काम झाला', 'पाणी आला' असे लिहिते, तेव्हा त्याला झाडाचे लिंग माहीत नाही असे समजून आपण त्याच्याकडून लिंगांच्या याद्या पाठ करून घेतो. हे निदानच चुकीचे आहे. मालवणीत नारळ 'पडलो', फांदी 'पडली' आणि झाड 'पडला' असे म्हणतात. पुल्लिंगी रूप ओकारान्त, स्त्रीलिंगी ईकारान्त, नपुंसकलिंगी आकारान्त. तिन्ही लिंगे तिथे काटेकोरपणे वेगळी ठेवली जातात. चेडू (मुलगी) हा शब्द नपुंसकलिंगी आहे म्हणून 'चेडू इला' (मुलगी आली) असे म्हणण्याइतकी ती जुळणी पक्की आहे. प्रमाण मराठीत मात्र पुल्लिंगाला 'पडला' आणि नपुंसकलिंगाला 'पडले'. म्हणजे 'पडला' हे एकच रूप दोन्हीकडे आहे, पण घरी ते झाडाचे आहे आणि पुस्तकात ते नारळाचे. घरी 'काय झाला?' असे विचारणारे मूल व्याकरण मोडत नसून स्वतःच्या बोलीचे व्याकरण तंतोतंत पाळत असते.

यावरचा उपाय त्याच बोलीतून काढता येतो आणि माझ्या अनुभवात तोच टिकतो. मुलाला विचारावे, 'हे घरी कसे म्हणशील?' उत्तर 'पडलो' आले, तर वहीत 'पडला' लिहायचे. उत्तर 'पडला' आले, तर वहीत 'पडले' लिहायचे. 'पडली' असेल तर तसेच ठेवायचे. विशेषणांनाही हेच लागू पडते: घरचे 'बरो' म्हणजे पुस्तकातले 'बरा', आणि घरचे 'बरा' म्हणजे पुस्तकातले 'बरे'. लिंगांची यादी पाठ करण्यापेक्षा हे कितीतरी सोपे आहे, कारण निर्णय मुलाच्या कानाने आधीच घेतलेला असतो. काही थोड्या शब्दांचे लिंग बोलीत आणि प्रमाण भाषेत निराळे असू शकते. तेवढ्यापुरता शब्दकोश उघडावा.

प्रथमपुरुषाच्या बाबतीत मात्र बोली मदतीला येत नाही. 'मी जातंय' असे मुलगाही म्हणतो आणि मुलगीही म्हणते. प्रमाण लेखनात 'मी जातो' की 'मी जाते' हे ठरवावे लागते आणि त्यासाठी वेगळा सराव द्यावा लागतो.

रत्नागिरीच्या बाजूला दुसरीच गोष्ट घडते. तिथे 'बाबांनी गाडी आणलीन', 'आईने भात शिजवलान' असा शेवटी 'न' येतो. हा 'न' कर्त्याची खूण आहे. प्रमाण भाषेत आपण 'तू गाडी आणलीस' असे म्हणताना 'तू'साठी जोडतो त्या 'स'चाच तो तृतीयपुरुषी भाऊबंद आहे. 'न' काढून टाकला की उरलेले रूप अचूक असते: 'आणली', 'शिजवला'. तेव्हा या मुलांना जुळणी शिकवण्याची गरजच नाही, लिहिताना शेवटचा 'न' गाळायला सांगावे. मालवणीतल्या 'केल्यान', 'खाल्ल्यान' या रूपांवर हा उपाय चालत नाही, कारण भाकरी असो वा भात, ते रूप बहुधा तसेच राहते. तिथे पुन्हा मोकळे नाम शोधावे लागते.

'मुले जमले' आणि सर्वनामाची कसोटी

ही चूक केवळ कोकणातली नाही. शहरांतही ती आता सर्रास लिहिली जाते. अनेकवचन म्हटले की 'ले' अशी सवय जडते आणि 'घरे पडले', 'मुले आले', 'पुस्तके वाटले' अशी वाक्ये तयार होतात. पुढील वाक्य फळ्यावर लिहून द्यावे: '३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले, तेव्हा माड पडले, पोफळी पडल्या आणि घरे पडली.' एकाच वाक्यात चार क्रियापदे आहेत. 'धडकले' हे नपुंसकलिंगी एकवचन, 'पडले' हे पुल्लिंगी अनेकवचन, 'पडल्या' हे स्त्रीलिंगी अनेकवचन आणि 'पडली' हे नपुंसकलिंगी अनेकवचन. 'धडकले' आणि 'पडले' यांचा शेवट सारखा असला तरी काम वेगळे आहे. बोलताना आपण 'वादळ धडकलं' पण 'माड पडले' असे म्हणतो, त्यामुळे तिथे फरक ऐकू येतो. औपचारिक लेखनात तो दिसत नाही.

इथे सर्वनाम मदत करते. नामाच्या आधी 'तो, ती, ते' किंवा 'ते, त्या, ती' यांपैकी योग्य सर्वनाम ठेवावे आणि त्याचा शेवटचा स्वर क्रियापदाला द्यावा. ते माड, म्हणून पडले. त्या पोफळी, म्हणून पडल्या. ती घरे, म्हणून पडली. 'ती मुले' असे आपण कधीही चुकवत नाही, मग 'मुले आली' हे आपोआप येते. अपवाद एकच आहे: 'तो' पण 'पडला'. आणि मालवणीत तर तोही अपवाद नाही, 'तो पडलो', 'ती पडली', 'ता पडला'. बोलीतली ही रचना प्रमाण भाषेपेक्षाही नियमित आहे, हे वर्गात मोठ्याने सांगितले पाहिजे. ज्या मुलाची वही सर्वांत जास्त लाल होते, त्याच मुलाला त्या दिवशी फळ्याजवळ बोलवावे.

किनाऱ्यावरचे आणि देवळाबाहेरचे फलक

'नये' या क्रियापदाचे अनेकवचन 'नयेत' होते आणि फलक लिहिणारे त्या 'त'बाबत नेहमी गोंधळतात. 'पर्यटकांनी समुद्रात उतरू नयेत' असे लिहिले जाते, कारण पर्यटक अनेक असतात. पण 'पर्यटकांनी'ला प्रत्यय आहे आणि वाक्यात मोकळे कर्म नाही, म्हणून 'उतरू नये' हेच बरोबर. उलट 'पर्यटकांनी बाटल्या टाकू नये' यात 'बाटल्या' मोकळ्या आणि अनेक आहेत, म्हणून 'टाकू नयेत' हवे. 'वाहने वाळूत नेऊ नयेत' हेही त्याच कारणाने. 'कचरा टाकू नये' ठीक आहे, कारण कचरा कितीही असला तरी शब्द एकवचनी आहे. 'कुत्र्यांना मोकळे सोडू नये' हेही ठीक, कारण मध्ये 'ना' आहे.

जत्रेच्या किंवा ग्रामसभेच्या सूचनांत कर्ता लिहिलेलाच नसतो आणि त्यामुळे 'दशावतारी नाट्यप्रयोग आयोजित केले आहे' किंवा 'ग्रामसभा आयोजित केले आहे' असे छापले जाते. कर्ता दिसत नसला तरी मोकळे नाम समोरच असते: नाट्यप्रयोग आयोजित केला आहे, ग्रामसभा आयोजित केली आहे, शिबिर आयोजित केले आहे. 'आयोजित केले आहे' हा जणू एक साचा आहे असे मानून तो कोणत्याही नामापुढे ठेवला जातो, हे या चुकीचे मूळ आहे.

मी, तू आणि काही वेगळी क्रियापदे

मोकळ्या नामाच्या सूत्राला एक छुपा अपवाद आहे. 'मी', 'आम्ही', 'तू', 'तुम्ही' यांना 'ने' लागला तरी तो दिसत नाही. 'मी जाळे विणले' यात 'मी' मोकळा वाटतो, पण क्रियापद जाळ्याचे आहे. शंका आली तर 'मी'च्या जागी तृतीयपुरुष ठेवून पाहावा. 'त्याने जाळे विणले' असे म्हणावे लागते, म्हणजे क्रियापद कर्माशी जुळते. 'तो बाजारात गेला' असे म्हणावे लागते, म्हणजे कर्त्याशी, आणि म्हणून 'मी बाजारात गेलो' किंवा 'मी बाजारात गेले'. 'तू' असताना कर्माशी जुळलेल्या रूपाला वर 'स' जोडायचा असतो: तू डबा खाल्लास, भाकरी खाल्लीस, आंबे खाल्लेस. 'तुम्ही'साठी 'त': तुम्ही भाकरी केलीत, आंबे आणलेत. बोलण्यात हा 'स' अलीकडे गळू लागला आहे; लेखनात तो ठेवावा असे माझे स्पष्ट मत आहे, कारण त्याने कर्ता आणि कर्म दोघांचीही नोंद एकाच शब्दात राहते.

मोजकी क्रियापदे कर्म असूनही भूतकाळात कर्त्यालाच धरून राहतात आणि त्यांच्यासाठी कसोटी नाही, ती लक्षातच ठेवावी लागतात. तो धडा शिकला, ती पत्ता विसरली, मुले दूध प्यायली, आजी लुगडे नेसली, ती मालवणी बोलली. 'म्हणणे' दोन्हीकडे चालते, पण अर्थ बदलतो: 'ती असे म्हणाली' आणि 'तिने अभंग म्हटला'. 'जिंकणे' हेही दोन्ही प्रकारे रूढ आहे: 'ती सामना जिंकली' किंवा 'तिने सामना जिंकला'. यांतील कोणत्याही एका रूपाला परीक्षेत चूक ठरवू नये.

अनेक मोकळी नामे एकत्र आली की निर्जीव वस्तूंच्या बाबतीत शेवटच्या नामाकडे पाहावे: 'त्याने एक होडी आणि दोन वल्ही विकत घेतली.' माणसांत स्त्री-पुरुष एकत्र असतील, तर 'आजी आणि आजोबा दोघेही आले' असे 'दोघे' घालून लिहिले की प्रश्न उरत नाही. पुरुष वेगळे असतील तर 'मी'चा मान पहिला आणि 'तू'चा दुसरा: मी आणि तू जाऊ, तू आणि तो जाल. आदरार्थी अनेकवचनात लिंग सुटत नाही, म्हणून सर आले आणि बाई आल्या. तहसीलदार बाई असतील तर तहसीलदारही आल्याच. 'वेळ' हा शब्द 'तो वेळ' आणि 'ती वेळ' असा दोन्ही लिंगांत चालतो, तेव्हा 'वेळ झाला' आणि 'वेळ झाली' या दोन्हींना पूर्ण गुण द्यावेत. एकाच निबंधात मात्र एकच रूप शेवटपर्यंत ठेवायला सांगावे.